आरपीएमचा काटा आधी पडला

मे महिन्यातली दुपार, बाहेर ४४ अंश. नागपुरात मानेवाड्याच्या रिंगरोडवरच्या आमच्या गॅरेजात बारा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आली, ती टोचन लावून नाही, स्वतःच्या चाकांवर. मालक रोज मनीषनगरहून बुटीबोरीला कामावर जाणारे. तक्रार त्यांनी एका दमात सांगितली: "चालता चालता बंद पडून रायली भाऊ. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. सकाळी कधीच नाही. आम्ही तं थकलो आता."

दोन गॅरेज आधीच होऊन गेली होती. एकात टाकीतला पंप, प्लग बदलले आणि थ्रॉटल बॉडी साफ झाली. दुसऱ्यात क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय हे सांगणारा सेन्सर, नवा पडला. सेन्सर बदलल्यावर चार दिवस गाडी ठणठणीत चालली, पाचव्या दिवशी खापरीजवळ पुन्हा बंद. हे "चार दिवस" मी कागदावर लिहून ठेवले. पार्ट चुकीचा असता तर गाडी त्याच दिवशी बंद पडायला हवी होती. बरोबर असता तर पाचव्या दिवशी पडायला नको होती.

अशा गाडीत मालकाला दोन प्रश्न आधी विचारावे लागतात. बंद पडताना गचके मारते, रेस दिली तरी ओढत नाही, की दिव्याचं बटण दाबल्यासारखी एकदम जाते? आणि बंद पडल्यावर चावी ऑन केली की इंजिनचा पिवळा दिवा लागतो का, मागून पंपाचा दोन सेकंद घूं आवाज येतो का? गचके देत मेली तर बहुतेक वेळा पेट्रोल कमी पडतंय. एकदम गेली तर वीज किंवा सिग्नल. पिवळा दिवाच लागत नसेल तर ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरला, करंट मिळत नाही. मग दोष मेन रिले (ईसीएमला वीज सोडणारा स्विच), फ्यूज किंवा इग्निशन स्विचचा. इथे उत्तर होतं: एकदम जाते, दिवा लागतो, पंपही वाजतो. म्हणून मेन रिले माझ्या यादीत खाली गेला.

ईसीएममधली माहिती वाचणाऱ्या स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड नव्हता. त्याचं नवल वाटू नये. क्रँक सिग्नलचा पी ०३३५ कोड नोंदवायला ईसीएमला इंजिन फिरतंय याचा दुसरा पुरावा लागतो, आणि तो काही वेळ टिकावा लागतो. सिग्नल गेला, इंजिन थांबलं, की ईसीएमच्या लेखी गाडी फक्त उभी राहिली. कोड नाही म्हणजे बिघाड नाही, असं समजून पुष्कळ गाड्या परत पाठवल्या जातात.

थंड इंजिनवरची तपासणी झटपट उरकली. बॅटरी १२.६ व्होल्ट, चालू इंजिनवर १४.२. ब्लॉक आणि बॅटरीच्या निगेटिव्ह टोकामध्ये, इंजिन चालू आणि एसी, हेडलाइट, फॅन सगळं सुरू ठेवून, ०.०५ व्होल्ट फरक, ०.१ च्या आत असला की अर्थिंग ठीक समजायचं. टाकीचं झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला नाही, म्हणजे टाकीत निर्वात होत नव्हता.

मग पेट्रोलच्या लाईनवर प्रेशर गेज लावलं. लांब होज बॉनेटच्या कडेतून बाहेर काढून गेज काचेवर बाहेरच्या बाजूने टेपने चिकटवलं. ते केबिनच्या आत कधीही आणायचं नाही, होज सुटली तर पेट्रोल थेट मांडीवर. स्कॅनरवर फक्त आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे), बॅटरी व्होल्ट आणि पाण्याचं तापमान ठेवलं. जास्त आकडे एकदम मागितले की स्कॅनर संथ होतो आणि नेमका तो क्षण निसटतो.

दुपारी अडीचला वर्धा रोडने निघालो. चिंचभुवन गेलं, खापरी गेली, काही झालं नाही. बुटीबोरीहून वळलो आणि परतीत जामठ्याजवळ, चौथ्या गिअरमध्ये पन्नासच्या वेगात, ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला त्याच क्षणी इंजिन गेलं.

क्लच दाबायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. गाडी गिअरमध्ये धावत असेल तर चाकं इंजिनाला फिरवतच राहतात, म्हणजे आरपीएमचा काटा हजाराच्या बराच वर दिसायला हवा, पेट्रोल जळो वा न जळो. काटा धाडकन शून्यावर आला. स्कॅनरवरही शून्य. गेज मात्र साडेतीन बारवर ढिम्म, बॅटरी व्होल्ट जागेवर. इंजिन फिरत होतं आणि ईसीएमला ते दिसत नव्हतं. टाकीतल्या पंपावर गेलेले पैसे वाया, हे तिथेच कळलं.

(बंद पडलेल्या गाडीत ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांपुरताच साथ देतो. ब्रेक सारखा सोडून-दाबून तो संपवू नये, एकच लांब दाब द्यावा. स्टिअरिंग जड होतं, आणि चावी लॉकपर्यंत फिरवायची नाही. हझार्ड लावून डावीकडे घेतली.)

दहा मिनिटांनी इंजिन सुरू झालं. गॅरेजात पोहोचताच, इंजिन गरम असतानाच बॅटरीचं निगेटिव्ह काढलं आणि ईसीएमचा कपलर (वायरींचा जोड) सोडला. सेन्सर दोन वायरचा, चुंबकी. कपलरमधून त्याच्या दोन पिनांवर मीटर लावला: १११० ओहम. सकाळी थंड असताना ८८० होते. इथे घाई केली की सेन्सर बाद ठरतो. पण आत तांब्याची कॉइल आहे आणि तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्का वाढतो. ३५ वरून १०५ अंशांवर गेल्यावर ८८० चे १११० होणारच. तुटलेली कॉइल गरम झाल्यावर थेट अनंत दाखवते, म्हणजे वीज जायला वाटच नाही. हा सेन्सर चांगला होता. माझ्या मते आधीचाही चांगलाच असावा.

दोन वायरांमधला रोध बरोबर येतो म्हणून वायरिंग बरोबर, ही गफलत इथेच होते. एक वायर बॉडीला चिकटली तरी त्या दोघींमधला आकडा बदलत नाही. म्हणून मीटरचं एक टोक बॉडीला लावून प्रत्येक वायर वेगळी तपासली. दोन्ही अनंत, म्हणजे बॉडीला स्पर्श नाही. सहकाऱ्याला सांगितलं, गिअरबॉक्सकडच्या माउंटिंगजवळ (इंजिनच्या रबरी आधाराजवळ) टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, लावून इंजिन पुढे-मागे हलव. तिसऱ्या झटक्याला मीटर वाजला: सिग्नलच्या वायरवर ३ ओहम, सोडलं की पुन्हा अनंत. ॲक्सिलरेटर सोडून दाबताना इंजिन माउंटिंगवर असंच डुलतं, जामठ्याला तेच झालं होतं.

लूम, म्हणजे वायरींची जुडी, बोटाने चाचपत गेलो. सेल्फच्या (स्टार्टर मोटरच्या) मागे, एक्झॉस्टच्या पाइपापासून बोटभर अंतरावर, टेप काळी होऊन तेलकट चमकत होती. टेप सोलली तर आत सिग्नलच्या वायरचं आवरण दीड-दोन सेंटिमीटर वितळून मागे सरकलेलं, आणि तारा बाहेरच्या जाळीला टेकत होत्या. ही जाळी बाहेरचा गोंगाट अडवायला असते आणि अर्थला जोडलेली असते. गरम झालं की आवरण मऊ, इंजिन डुललं की स्पर्श. थंड झालं की तारा सुटतात. सेन्सर बदलताना लूम हाताने सरकली, तारा तात्पुरत्या वेगळ्या झाल्या, म्हणून ते चार दिवस. ब्रॅकेटवर क्लिपचं भोक रिकामं होतं. मालकांना विचारलं तेव्हा आठवलं, दिवाळीनंतर क्लच प्लेट बदलली होती. गिअरबॉक्स उतरवताना काढलेली क्लिप परत लागलीच नाही.

खराब चार सेंटिमीटर कापून त्याच जाडीची वायर घातली. दोन वायरांचे सांधे समोरासमोर येऊ दिले नाहीत, दोन सेंटिमीटर मागे-पुढे ठेवले. सोल्डर, वर गोंदाची आकुंचन स्लीव्ह. दोन्ही वायरींचा पीळ तसाच राखला. जाळीही जोडली, पण अर्थ तिच्या मूळच्या एकाच टोकाला ठेवला; दोन्हीकडून अर्थ केला तर इग्निशनचा गोंगाट त्यातून शिरतो. वर काचतंतूची उष्णतारोधक नळी, नवी क्लिप, पाइपापासून सहा सेंटिमीटर लांब. ईसीएमचा कपलर सुटा असतानाच बॅटरी जोडून सेल्फ मारला, मीटर एसी व्होल्टवर: अर्ध्या व्होल्टच्या वर, स्थिर. मग कपलर बसवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बुटीबोरीच्या दोन फेऱ्या, मग एसी लावून चाळीस मिनिटं जागेवर. इंजिन सुरू ठेवून टॉमीनेही हलवून पाहिलं. काटा हलला नाही.

त्याच लूममधल्या ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीचं आवरणही चमकायला लागलं होतं. आवरण अजून शाबूत होतं, म्हणून तिला फक्त नळी चढवली आणि दिवाळीत सर्व्हिसला आले की ती पुन्हा उघडून पाहायची, असं मालकांच्या बिलावर लिहून दिलं.