आईचं एटीएम कार्ड पाहिजे तेवढंच चालू ठेवलं, त्याचा अनुभव

आई उदगीरजवळ गावी राहती, मी लातूरला. वडिलांची फॅमिली पेन्शन तिच्या खात्यात येती आन कार्ड तिला दोनच कामाला लागतंय, एटीएममधून पैसे काढायला आन मेडिकलवर गोळ्या घ्यायला. तिला सारखे फोन यायलेत, तुमचं कार्ड बंद होणारय नंबर सांगा म्हणून, त्यामुळं बाकीचं सगळं बंदच करून टाकू असं ठरवलं.

बँकेत काउंटरवर सांगितलं की असं थोडं थोडं बंद होत नसतंय, पूर्ण ब्लॉक करा नाहीतर राहू द्या. पण हे खरं नाही. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२० मधेच सगळ्या बँकांना सांगितलंय की एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन आन टॅप (कार्ड मशीनला नुसतं टेकवून पैसे देणं) हे ग्राहकाला वेगवेगळं चालू बंद करता आलं पाहिजे, देशातलं वेगळं परदेशातलं वेगळं, आन प्रत्येकाची लिमिट पण आपल्याला ठरवता आली पाहिजे, ते बी चोवीस तास. हे बोलल्यावर आतल्या मॅडमनी नीट सांगितलं की ॲपमधून करा.

आता अडचण अशी की आईचा फोन साधा बटनाचा आन बँकेचं ॲप खात्याला जोडलेल्या सिमवरूनच चालू होतंय. मग घरातल्या जुन्या स्मार्टफोनमधे तिचं सिम टाकलं, तिला शेजारी बसवलं, पिन तिनंच टाकला (मुलगा असलो तरी पिन आपण विचारू नये असं मला वाटतं). कार्डाच्या सेटिंगमधे गेल्यावर परदेशातलं सगळं बंद केलं, ऑनलाइन बंद केलं. टॅप पण बंद केलं, कारण त्याच्यात ५००० रुपयांपर्यंत पिन न टाकता पैसे जातात, कार्ड कुठं पडलं तर काय करायचं? एटीएमची लिमिट दिवसाला दहा हजार तिनंच सांगितली. बदल झाल्याचा मेसेज आला, तो तिला वाचून दाखवला.

आई म्हणली, बाळा हे फक्त उदगीरातच चालंल असं कर की. तसं काही त्या ॲपमधे नाही, देशात आन परदेशात एवढाच फरक करता येतोय.

मग लगेच तपासून बघितलं. तिच्या कार्डावरून मोबाईल रिचार्ज मारला तर झाला नाही, मेडिकलवर कार्ड मशीनमधे घालून पिन टाकला तर पैसे गेले, एटीएममधून बी निघाले. हे तपासणं सोडू नका.

आजून एक, ह्या सेटिंगचा यूपीआयशी काही संबंध नाही. ऑनलाइन बंद केलं म्हणून यूपीआय बंद होत नाही, ज्यांच्या घरच्यांकडं फोनपे गुगलपे हाय त्यांनी त्याची लिमिट वेगळी बघावी. आन कार्डाची मुदत संपून नवीन आलं की ही सगळी सेटिंग परत उघडून बघा, जुनी लिमिट तशीच राहिली असंल असं धरून चालू नका.