डोळे उघडे ठेवून

रविवार, सायंकाळ

आज चर्चमधल्या उपासनेत बायबलमधले 104 वे स्तोत्र वाचले गेले. रानगाढवे, करकोचे, कड्यांवरचे रानबकरे, रात्री भक्ष्य शोधणारे सिंह यांच्या त्या लांबलचक वर्णनात माणूस येतो तो मोजक्या ओळींपुरता, भूमीतून अन्न मिळवणारा, सकाळी कामाला जाणारा आणि संध्याकाळपर्यंत राबणारा, एवढाच. स्तोत्रकर्त्याने सृष्टी किती वेळ न्याहाळली असेल! आम्हांला मात्र प्रार्थना म्हणजे डोळे मिटणे, असेच लहानपणापासून शिकवले गेले. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू चिंताग्रस्तांना पाखरांकडे आणि रानफुलांकडे पाहायला सांगतो. त्यातून आपण विश्वासाचा धडा तेवढा घेतो आणि पाखरू पाहायचे राहून जाते. रेव्हरंड टिळक हे 'फुलामुलांचे कवी' होते, पण आमच्यात असे अपवाद थोडेच.

दुपारी पंचगंगेच्या घाटावर जाऊन बसलो. जलपर्णीला फिकट जांभळे तुरे आले होते आणि तिच्या पानांवरून धोबी पक्षी शेपटी हलवत धावत होता. नजरेला सारे प्रसन्न वाटत होते; खरे काय ते नाकाने सांगितले. सांडपाण्यातून आणि खतांच्या अवशेषांतून येणाऱ्या नत्र-स्फुरदावर ही परदेशी वनस्पती पोसते, पाण्यावर पसरून उजेड अडवते, आणि ती कुजू लागली की पाण्यातला प्राणवायू कमी होऊन मासे मरतात. म्हणजे तिचे ते टवटवीतपण हेच नदीच्या दुखण्याचे लक्षण आहे. केवळ डोळ्यांच्या साक्षीवर देवाची स्तुती केली, तर ती अर्धवट माहितीवर केलेली स्तुती होईल.

वाऱ्याबरोबर कुठल्याशा गुऱ्हाळावरचा उकळत्या रसाचा वासही येत होता. तो वास मला फार प्रिय आहे, आणि म्हणूनच हे लिहिताना थोडी अडचण वाटते, कारण नदीत उतरणाऱ्या खतांतला काही वाटा उसाच्या शिवारातूनच येतो. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात एदेन बागेची मशागत आणि राखण अशी दोन्ही कामे माणसावर सोपवलेली आहेत. मशागतीत आमचा जिल्हा कुणाला हार जाणार नाही. राखणीचे काम मात्र कुणीच आपले मानत नाही.

चर्चची मंडळी म्हणून आमचाही त्यात हात आहेच. राज्यात 2018 साली थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली, तेव्हापासून आमच्या प्रीतिभोजनाला आतून प्लॅस्टिकचा थर दिलेली कागदी ताटे येतात. हंगामाच्या उपासनेत भाताच्या लोंब्या आणि ऊस वेदीपुढे ठेवून उपकारस्तुती करायची आणि तासाभराने त्या ताटांचा ढीग कोंडाळ्यात लोटायचा, हे आता मला खटकते. पुढच्या बैठकीत स्टीलच्या ताटांचा विषय मांडणार आहे. ती घासायची कुणी, हा प्रश्न नेहमीप्रमाणे महिला मंडळाकडे ढकलला जाईल. म्हणून पहिल्या पाळीत पुरुषांची नावे लिहावीत, अशी सूचना त्याच कागदावर लिहून ठेवली आहे, आणि त्यात पहिले नाव माझे आहे.