किल्ली दिल्यानंतरचे 84 भाग

भाग 412 चे संवाद मंगळवारी रात्री पाठवले आणि खाली 'समाप्त' लिहिलं. डेली सोप लिहिणाऱ्याला हा शब्द टाईप करायला क्वचितच मिळतो. आमच्या मालिका संपत नाहीत, बंद होतात.

ही मात्र संपणार होती. वाडा विकायचा नाही म्हणून सव्वा वर्ष सगळ्यांना धारेवर धरणारी आजी शेवटी कमरेची किल्ली सोडते, धाकट्या सुनेच्या हातावर ठेवते आणि म्हणते, "तुला वाटेल तेव्हा वीक." बस्स. आमच्याकडे एवढ्या छोट्या सीनला माफी नसते. 22 मिनिटं भरायची असतात. म्हणून एकच गोष्ट आधी स्वयंपाकघरात, मग अंगणात, मग फोनवर बोलली जाते. कुणीतरी खोलीत येऊन "काय झालं?" विचारलं की मागचा अख्खा सीन परत सांगता येतो, दीड मिनिट सुटतं. हे कसब मी आठ वर्षांत कमावलंय. तरी त्या सीनला मी हात लावू दिला नाही.

आजी करणाऱ्या ताईंचा नाटकाचा दौरा होता, म्हणून तो सीन बुधवारीच शूट करून घेतला.

गुरुवारी रेटिंग आलं. शेवटाचा प्रोमो लागल्यावर प्रेक्षक परतले होते, 1.9 चे 2.6 झाले होते. संध्याकाळच्या आत मीटिंग. चॅनलची मुलगी म्हणाली, "मोमेंटम आलंय." (तिने पहिले 200 भाग पाहिलेले नाहीत, पैजेवर सांगते.) निर्माते म्हणाले, "'चार दिवस सासूचे' 2001 ते 2013 चालली, 3,000 च्या वर भाग झाले. आपण 400 वर रडतोय."

मी म्हटलं, लोक शेवट बघायला आलेत. पाहुणे निघाले की शेजारी दारात येतात, ते त्यांचा मुक्काम वाढावा म्हणून नव्हे. कुणी हसलं नाही. चहा येईपर्यंत कथालेखकाने वाड्याच्या भिंतीत एक जुना कागद सापडवलासुद्धा. सरावलेला माणूस. त्याला घराचे हप्ते आहेत. मलाही आहेत, पैसे 90 दिवसांनी येतात, आणि मीही मान डोलावली.

दौऱ्यावरून ताई घोडबंदरच्या सेटवर आल्या. मेकअप रूममध्ये पानं चाळत त्यांनी विचारलं, "अगं, मी किल्ली दिली ना? मग आता या घरात मी कोण?"

"ताई, ते अजून टेलिकास्ट झालेलं नाही."

"तुमच्यासाठी नसेल. मी दिलीय."

त्या दिवसापासून त्यांनी सेटवरच्या एकाही डब्याला हात लावला नाही. दिग्दर्शकाच्या लक्षात आलं नाही, तो मॉनिटरमध्ये फक्त क्लोजअप बघतो. माझ्या आलं. मग 451 मध्ये मी एक सीन घातला, वनलाइनमध्ये, म्हणजे कथालेखकाकडून येणाऱ्या सीनच्या यादीत, नसलेला: आजी स्वतःच्याच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून सुनेला विचारते, "थोडा चहा टाकू का?"

मी लिहिलेलं सगळ्यात चांगलं हेच आहे. 412 ला थांबलो असतो तर ते झालंच नसतं. पण त्या एका सीनसाठी भिंतीतला कागद, खोटा वारस आणि दोन किडनॅपिंग लिहिली, त्यांचं काय करू?

496 ला बंद. चार दिवस आधी कळवलं. नवा शेवट लिहायला, शूट करायला वेळच नव्हता, म्हणून साडेतीन महिन्यांपूर्वीचा किल्लीचा सीन काढून चिकटवला. मधल्या काळात सुनेने केस कापले होते. कंटिन्युइटी बघणाऱ्या मुलाने दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून ग्रुपवर टाकले, खाली तीन प्रश्नचिन्हं. उत्तर आलं: "कोण बघतंय?"

रात्री सांगलीहून आईचा फोन. "किल्ली घेताना हिचे केस एकदम एवढे कसे वाढले गं?"

मी सांगितलं. मग राहवेना म्हणून विचारलं, "तो चहाचा सीन पाहिलास का गं, मागे?"

"उंबऱ्यातला ना? मी टीव्ही बंद केला त्या दिवशी. बघवेना."