अँटेनावरचा फड

आमच्या न्यू जर्सीच्या घरात केबल नाही. पूर्वी होती. पण बिल दर वर्षी गुपचूप वाढायचं आणि तक्रार करायला फोन केला की पलीकडचा माणूस गोड बोलत आणखी एक पॅकेज गळ्यात मारायचा. शेवटी वैतागून तोडली. मग वीस डॉलरचा एक चपटा अँटेना आणला, जेवणाच्या ताटाखाली घालतात त्या मॅटएवढा, आणि न्यूयॉर्कच्या बाजूच्या खिडकीला टेपनं चिकटवला. चार नंबरला एनबीसी हे हवेतून फुकट मिळणारं चॅनेल लख्ख दिसायला लागलं.

त्या हिवाळ्यात आप्पा आले होते. सांगलीकडचा गडी, तरुणपणी तालमीत घुमलेला, कान अजून फुटलेले. त्या अँटेनाचं त्यांना भारी नवल.

"महिन्याला किती याचं?"

"काही नाही."

"काहीच न्हाई? अमेरिकेत?" त्यांनी खिडकीचा पडदा सारून मागं काही तार बीर आहे का ते बघून घेतलं.

७ मार्च २०१५, शनिवार. बाहेर बर्फ, बाहेर पडायची सोय नाही. चार नंबरवर लास वेगासहून बॉक्सिंग लागलं. कीथ थर्मन विरुद्ध रॉबर्ट गरेरो, वेल्टरवेट या मधल्या वजनगटातले. व्यावसायिक बॉक्सिंग एनबीसीवर संध्याकाळच्या मोक्याच्या वेळी परत यायला जवळजवळ तीस वर्षं लागली होती. आधीची लढत १९८५ सालची, लॅरी होम्सची. मधल्या काळात हा खेळ आधी केबलवर गेला आणि मग थेट ‘एका लढतीचे इतके पैसे मोजा’ या दुकानात.

मला बॉक्सिंगमधलं फारसं कळत नाही. आप्पांना इंग्रजी कळत नाही. त्यामुळे आम्ही दोघंही सारखेच पारंगत होतो.

थर्मन निघाला तो एकटाच. मोठमोठ्या पडद्यांच्या मधून, हॉलिवूडच्या सिनेमांना संगीत देणाऱ्या हॅन्स झिमरनं खास या कार्यक्रमासाठी केलेल्या संगीतावर. मागं नेहमीचा लवाजमा नाही, विजेतेपदाचे पट्टे खांद्यावर घेऊन नाचणारी टोळी नाही. घरात बसून बघणाऱ्या कुटुंबाला सोज्वळ वाटावं म्हणून हे सगळं छाटलं होतं म्हणे. फेरीच्या नंबराच्या पाट्या मिरवणाऱ्या पोरीही नव्हत्या.

आप्पा पुढं सरकून बसले. "याचा वस्ताद कुठाय?"

"असेल की तिकडं कोपऱ्यात."

"पैलवान एकटा येतुय फडात? वस्तादाबिगर?" हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत डोकी आपटून थर्मनच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. फेरी संपली की कोपऱ्यातला माणूस बर्फात ठेवलेली लोखंडी पट्टी त्यावर दाबून धरायचा, छोट्या इस्त्रीसारखी. आप्पा म्हणाले, "हळद भरा म्हणावं." वस्ताद सापडला तो असा. मग मात्र ते खुशीत आले. नवव्या फेरीत गरेरो खाली गेला, उठला, रक्ताळलेल्या चेहऱ्यानं पुन्हा भिडला, तेव्हा आप्पांनी मांडीवर अशी थाप मारली की स्वयंपाकघरातून बायको काय पडलं ते बघायला आली. आणि भांडी विसळायची सोडून तिथंच उभी राहिली. बाराव्या फेरीपर्यंत. थर्मन गुणांवर जिंकला. हिला तो निकाल मान्य नव्हता. गरेरोनं मार किती खाल्ला, हे तिचं कारण.

मला ते दृश्य ओळखीचं वाटलं. गावच्या यात्रेत कुस्त्यांच्या फडाभोवती बसणाऱ्यांतले निम्मे कुस्ती बघायला आलेलेच नसतात. कुणी देवाला नारळ फोडायला आलेला असतो, कुणी पाव्हणा म्हणून, कुणी नुसता भेळ खायला. हलगी कडाडली की पाय तिकडं वळतात. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, मग नारळावर, मग रुपयांवर असं चढत चढत शेवटच्या जोडीपर्यंत सूर्य मावळतीला येतो, तोवर भेळवालाही टाचा उंचावून उभा राहिलेला असतो. तिकीट नाही. पैलवानाला इनाम मिळतं ते वर्गणीतून.

अमेरिकेत टीव्ही नवा होता तेव्हा त्यानं नेमकं हेच केलं होतं. एवढीशी रिंग, पळापळ नाही. त्या काळचा अवजड कॅमेरा एका जागी ठेवला तरी सगळं दिसायचं. तीन मिनिटांची फेरी आणि एक मिनिटाची विश्रांती, म्हणजे जाहिरातीसाठी देवानंच सोडलेली जागा. जिलेट या दाढीच्या पात्यांच्या कंपनीनं ती ओळखली आणि एनबीसीवरची शुक्रवारची रात्र बॉक्सिंगची होऊन गेली. घरोघरी वर्गणी जणू पाती विकत घेऊनच जमा होत होती. पण त्यातून एक झालं. घरबसल्या फुकट बघायला मिळाल्यावर गल्लीतल्या छोट्या आखाड्यांची तिकिटं कोण काढणार? एकेक बंद पडले. न्यूयॉर्कचं सेंट निकोलस अरीना १९६२ मध्ये गेलं. नवखी पोरं जिथं शिकायची ते फडच उठले.

आणि त्याच १९६२ च्या मार्चमध्ये फुकट टीव्हीनं लोकांच्या दिवाणखान्यात दुसरं काही आणून ठेवलं. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एमिल ग्रिफिथ आणि बेनी परेट. बाराव्या फेरीत परेट कोपऱ्यात दोरांना अडकला, पडताही येईना, आणि ठोसे थांबेनात. दहा दिवसांनी तो गेला. पुढं १९८२ मध्ये रे मॅन्सिनीशी लढताना कोरियाचा डुक-कू किम असाच गेला, तोही सीबीएस या दुसऱ्या फुकट चॅनेलवर, दिवसाढवळ्या. त्यानंतर जागतिक विजेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांवरून बारा फेऱ्यांवर आल्या. यात्रेतल्या फडात सहज म्हणून थांबलेला माणूस चितपट बघतो, मरण बघायला तो आलेला नसतो. फुकट टीव्हीला बॉक्सिंग नकोसं झालं त्यात हा वाटा नक्की होता. बाकीचं काम केबलवाल्यांच्या पैशानं केलं.

आप्पांना हे काही सांगितलं नाही. त्यांना वेगळंच पडलं होतं. "मग हे फुकट दाखवणाराला मिळतं काय?"

हीच खरी मेख होती. एरवी खेळ दाखवायचा तर चॅनेल खेळवाल्याला पैसे देतं. इथं उलटं. अल हेमन नावाच्या बॉक्सरांच्या व्यवस्थापकानं, जो स्वतः कॅमेऱ्यासमोर जवळजवळ येतच नाही, गुंतवणूकदारांचा पैसा उभा केला आणि चॅनेललाच पैसे देऊन वेळ विकत घेतली. आधी लोकांना सवय लावू, मग चॅनेलं आपल्या पाया पडतील, असा हिशेब.

"म्हंजे यानं पदरचं घालून यात्रा भरवली," आप्पा म्हणाले. "एक-दोन साल भरवील. गावानं वर्गणी दिल्याबिगर फड चालत न्हाई."

मला वाटलं, म्हातारा उगाच सुतकी बोलतोय. त्या रात्री सरासरी चौतीस लाखांच्या आसपास लोकांनी लढत पाहिली होती, वाईट आकडा नव्हता. पण दोनच महिन्यांत, २ मे रोजी, मेवेदर आणि पॅकियाओ या त्या काळच्या सर्वांत गाजलेल्या दोन बॉक्सरांची लढत आली. घरबसल्या बघायला जवळजवळ शंभर डॉलर. सेहेचाळीस लाख घरांनी ते मोजले! फुकटचे बघणारे चौतीस लाख, आणि पैसे मोजणारी घरं त्याहून जास्त. माझ्या यात्रेच्या तत्त्वज्ञानाची हवाच निघाली. ऑफिसात एकानं पंधरा जणांत वर्गणी काढून ती लढत घरी लावली होती, मीही सात डॉलर दिले. लढत रटाळ निघाली.

पुढच्या वर्षी थर्मन आणि शॉन पोर्टर ब्रुकलिनमध्ये लढले, तेही सीबीएसवर, चपट्या अँटेनावर दिसलं. फार झकास लढत. पण मी एकटाच बघत होतो, आप्पा गावी परतले होते. नंतर विकत घेतलेली वेळ आटत गेली, हेमनची मंडळी फॉक्स चॅनेलवर गेली, आणि २०२४ मध्ये इंटरनेटवर, अॅमेझॉनकडे. आता लढत बघायची म्हणजे ती कुठं आहे ते आधी शोधायचं, मग पासवर्ड आठवायचा. भांडी विसळता विसळता कुणी तिथं पोचणं शक्य नाही.

गेल्या चैत्रात आप्पांचा फोन. यात्रेची पट्टी पाठव, उंबऱ्यामागं या साली जास्त आहे. पाठवली. "आणि बघ," म्हणाले, "पोरं यूट्यूबवर दाखवणार हायती. फुकट."

तिकडची संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ. टीव्हीवर लावलं. मोबाइल कुणी तरी बांबूला बांधला असावा, निम्म्या पडद्यावर एका फेट्याची मागची बाजू. हलगी आधी ऐकू येत होती आणि थाप नंतर दिसत होती. शाळेला निघालेली मुलगी दुधातले कॉर्नफ्लेक्स खात मागून गेली, दारापर्यंत पोचली आणि परत आली.

"बाबा, यातला आपला कोणता?"

मलाही माहीत नव्हतं. "लाल लंगोटवाला," मी ठोकून दिलं. ती वाटी घेऊन खाली बसली. शाळेची बस त्या दिवशी चुकली.