समोर कोणी हसत नसताना

सिनेमात आलेल्या स्टँडअप कॉमेडीवाल्याच्या हातातून माईक काढून घेतला की आधी त्याचे हात उघडे पडतात. एका हाताला माईक, दुसऱ्याला पाण्याची बाटली नाहीतर वायर, ही वर्षानुवर्षांची सवय. सिनेमाच्या सेटवर यातलं काहीच नसतं. मग ते हात कधी खिशात जातात, कधी कमरेवर, कधी उगाच केसांतून फिरतात. तासभर एकट्याने सभागृह हसवून लोळवणारा माणूस पडद्यावर लग्नाच्या ग्रुप फोटोत शेवटी उभ्या केलेल्या मित्रासारखा दिसायला लागतो.

हातांचं काय, चार दिवसांत वळण लागतं. दिग्दर्शक हातात चहाचा कप देतो आणि प्रश्न मिटतो. खरी पंचाईत ऐकण्याची असते. स्टँडअपवाला एकटाच बोलतो. समोरच्याचं त्याच्याशी एकच संभाषण, ते म्हणजे हसू. पंच, म्हणजे हशाची ओळ, टाकला, हशा आला, तो ओसरायच्या बेताला पुढचं वाक्य. टायमिंग टायमिंग म्हणतात ते निम्मं प्रेक्षकाने बसवून दिलेलं असतं. ओपन माइकपासून, म्हणजे कोणीही येऊन विनोद करून बघावा अशा खुल्या मंचापासून, घासत आणलेला विनोद पन्नासाव्या प्रयोगाला चकचकीत होतो, कारण कुठे थांबायचं हे लोकांनीच त्याला शिकवलेलं असतं.

आणि सेटवर? पंच टाकला की शांतता. लाइटवाले, स्पॉटदादा, मेकअपवाले, सगळे तोंड दाबून उभे, कारण कोणी फिसकन हसलं तर आवाज रेकॉर्ड होऊन टेक वाया. मग तोच विनोद पुन्हा वाइडमध्ये, पुन्हा क्लोजअपमध्ये, पुन्हा समोरच्याच्या खांद्यावरून. शेवटी त्यात किती थांबायचं हे ठरवणार संकलक, तेही दोन महिन्यांनी, एसी खोलीत बसून. शिवाय ज्याच्या डोळ्यांत बघून आयुष्यभर पोट भरलं, त्या प्रेक्षकाच्या जागी आता कॅमेऱ्याचं भिंग असतं आणि त्याच्याकडे नेमकं बघायचं नसतं.

यावर जुन्या लोकांनी एक झकास तोड काढली होती. सिनेमात जाताना आपला रंगमंचच सोबत न्यायचा. दादा कोंडके हे लोकनाट्यातले. वगातला सोंगाड्या प्रेक्षकांशी बोलणार, पहिल्या रांगेतल्या पाटलाची फिरकी घेणार, कालची बातमी आजच्या संवादात घुसवणार. ‘विच्छा माझी पुरी करा’ गाजवून हा माणूस १९६९ साली भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’त आला. पण खरे दादा लोकांना सापडले ते १९७१च्या ‘सोंगाड्या’त, जिथे निर्माता तेच होते आणि अख्खा सिनेमा त्यांच्या मापाने शिवलेला होता. पुढे ओळीने नऊ चित्रपटांचा रौप्यमहोत्सव झाला आणि नाव गिनीज बुकात गेलं. समीक्षकांनी नाकं मुरडली ती मुरडलीच.

जॉनी लिव्हरचंही तसंच. हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात साहेबांच्या नकला करता करता आडनावच मिळालं. मग संगीतकार कल्याणजी-आनंदजींच्या कार्यक्रमांत नकला. १९९३च्या ‘बाजीगर’मधला विसरभोळा बाबूलाल आठवा. त्यातलं बरंचसं आपण जागेवरच रचलं, असं त्याने मुलाखतींतून सांगितलंय, आणि ते दिसतंही. नायक-नायिका जरा बाजूला होतात, तीन-चार मिनिटं रान मोकळं मिळतं, हा आपला खेळ करतो आणि सिनेमा पुन्हा रुळावर येतो. तीनशेवर सिनेमे केलेल्या माणसाला अपयशी कोण म्हणेल? पण त्याला सलग दोन तास कोणी दिले नाहीत, याची मला अजून चुटपुट आहे.

(उलट्या वाटेनेही एक माणूस गेला. पु. ल. देशपांड्यांनी १९५३च्या ‘गुळाचा गणपती’त कथेपासून संगीतापर्यंत सगळं केलं, वर नायकही झाले, आणि नंतर त्या धंद्यापासून लांब गेले. साठच्या दशकात ‘बटाट्याची चाळ’ घेऊन एकटेच रंगमंचावर उभे राहिले. समोर हसणारी माणसं हवीत, हे त्यांना फार लवकर कळलं असावं, हा आपला माझा अंदाज.)

आता कपिल शर्मा. २०१५ला पहिला सिनेमा आला तो ‘बाजीगर’वाल्याच अब्बास-मस्तान जोडीचा. त्यात टीव्हीवरचा कपिल जसाच्या तसा होता, फक्त बायका जास्त होत्या. लोकांनी तो बघितला. २०१७चा ‘फिरंगी’ आला आणि गेला. मग नंदिता दासने त्याला ‘ज्विगाटो’साठी बोलावलं. भुवनेश्वरमध्ये घरोघरी जेवण पोचवणारा, कारखान्यातली नोकरी गेलेला, मोबाईलमधल्या रेटिंगकडे डोळे लावून बसलेला मानस. २०२३च्या मार्चमध्ये मी तो जवळजवळ रिकाम्या थिएटरात पाहिला. मागच्या रांगेतले एक काका पहिली वीस मिनिटं कपिल दिसला की हसत होते. तो गाडी स्टँडवर लावतोय, हे हसतायत. नंतर त्यांचं हसू थांबलं आणि पॉपकॉर्नचा आवाज वाढला.

मला विचाराल तर तो त्याचा सर्वांत चांगला सिनेमा. बायको, म्हणजे शहाना गोस्वामी, कामावर जायचं म्हणते तेव्हा तो ऐकतो. चेहऱ्यावर हजरजबाबीपणाचा मागमूस नाही. इतकी वर्षं समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधी उत्तर तयार ठेवणाऱ्या माणसाला उत्तर न सुचल्याचं सोंग आणायला केवढं बळ लागत असेल! सिनेमा चालला नाही. लोकांनी तिकीट काढलं असतं ते हसायला, आणि तिकडे हसायला फारसं काही नव्हतं. आपल्याकडे भाऊ कदमलाही हाच जाच आहे. तो स्टँडअपवाला नाही, स्किटवाला. पण गंभीर प्रसंगातही तो नुसता उभा राहिला तरी अर्धं थिएटर तयारीत बसलेलं असतं.

तिकडे अमेरिकेत स्टँडअपमधूनच आलेल्या रॉबिन विल्यम्सने मात्र दोन्ही साधलं. ‘गुड विल हंटिंग’मध्ये बॉस्टनच्या बागेतल्या बाकावर तो मॅट डेमनला लांबलचक ऐकवतो, एकही विनोद न करता. त्याच सिनेमात मेलेल्या बायकोच्या झोपेतल्या पादण्याचा किस्सा येतो, तो त्याने ऐन वेळी घातलेला. तिथे चित्र किंचित हलतं, ते कॅमेरामनला हसू आवरेना म्हणून, असं सांगतात. त्या सिनेमाने १९९८मध्ये त्याला ऑस्कर दिलं.

हल्ली कास्टिंगवाले म्हणे कॉमेडी क्लबमध्ये जाऊन नवी मुलं हेरतात, फॉलोअर मोजतात, रील बघतात. माझं ऐकलं तर त्यांनी स्टेजकडे पाठ करून बसावं. आपला सेट, म्हणजे स्टेजवरची पाळी, संपवून आलेली मुलं मागच्या भिंतीला टेकून दुसऱ्याचा सेट बघत असतात. विनोदवाले एकमेकांच्या विनोदाला हसत नाहीत, गंभीर चेहऱ्याने मान हलवून ‘चांगलाय’ म्हणतात आणि मनात स्वतःचा पुढचा पंच जुळवत राहतात. त्यांतलं एखादं कार्टं सगळं विसरून आ वासून ऐकत असेल, तर त्याचा नंबर घ्यावा.