गच्चीवर सोलर बसवण्याआधी

आधी वर्षभराची बिलं काढा. 1 किलोवॅट दिवसाला सरासरी 4 युनिट देतो, म्हणजे महिन्याला 240 युनिट जाळणाऱ्या घराला 2 किलोवॅट पुरे. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत त्याला 60,000 रुपये अनुदान आहे. जुलै-ऑगस्टात कोल्हापुरात ऊन दिसलं तर नशीब. उन्हाळ्यात जादा झालेले युनिट नेट मीटरवर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) जमा राहतात, ते पावसाळ्यात बिलातून वळते होतात.

पॅनेल दक्षिणेकडे, सुमारे 17 अंश कलतं. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर जरी पडली, तरी साध्या सोलर इन्व्हर्टरवर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) ओळीतल्या सगळ्याच पॅनेलचं उत्पादन घटू शकतं. टाकी हलवा, नाहीतर स्टँड उंच घ्या.

गळीत हंगामात कारखान्याची, गुऱ्हाळाची काजळी बसते. सकाळी काच थंड असताना धुवा. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग राहतात. आणि हो, बॅटरी नसेल तर लाईट गेली की हेही बंद!