तुम्ही विचारलंत म्हणून: मुलाचा चष्मा जाईल का?

मी डोळे तपासते, त्यामुळे लग्नाच्या पंगतीतही हा प्रश्न येतोच. गाजर, बदाम, त्राटक, गवतावर अनवाणी चालणं, यांतल्या कशाने मुलाचा मायनस नंबर जाईल?

खरा मायनस नंबर यातल्या कशानेही जात नाही. डोळ्याचा गोळा लांबट झालेला असतो. मोठ्या माणसाचा डोळा साधारण 24 मिलिमीटर लांब असतो. त्यात एका मिलिमीटरची भर पडली की नंबर अडीच-तीनने वाढतो. वाढलेली उंची जशी व्यायामाने कमी होत नाही, तशीच ही लांबीही.

"पण आमच्या शेजारच्या मुलाचा उतरला की!" उतरला असेल. सतत जवळचं बघून डोळ्यातला स्नायू आखडतो आणि तपासणीत खोटाच मायनस दिसतो. आराम मिळाला की तो नाहीसा होतो. म्हणून लहान मुलांचा पहिला नंबर थेंब घालून, स्नायू सैल करूनच काढा, असा माझा आग्रह असतो.

चष्मा लागण्याआधी मात्र हातात पुष्कळ असतं, आणि ते फुकट आहे: दिवसाचा उजेड. चीनमधल्या ग्वांगझूत काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांत इतर शाळांतल्या 39.5 टक्के मुलांना मायनस नंबर लागला, या मुलांत 30.4 टक्क्यांना. तैवानने 2010 पासून शाळकरी मुलांसाठी रोज दोन तास बाहेर हे धोरणच केलं. लख्ख उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामीन नावाचं रसायन पाझरतं आणि ते गोळ्याच्या वाढीला आवर घालतं, असं संशोधक मानतात. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड काहीशे लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप). बाहेर झाडाच्या सावलीतही तो हजारांत जातो. म्हणजे रणरणत्या उन्हात उभं करायची गरज नाही. आणि सूर्याकडे टक लावून बघायला तर कधीच सांगू नका, पडदा भाजतो.

चष्मा लागलेलाच असेल तर पूर्ण नंबरचा द्या. 'सवय लागेल' म्हणून मुद्दाम कमी नंबरचा दिल्याने वाढ थांबत नाही. ती मंदावणारे अ‍ॅट्रोपीनचे सौम्य थेंब आणि खास भिंगं आहेत. त्याबद्दल डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.

मी आईवडिलांना विचारते, शाळा सुटल्यावर मूल कुठे जातं? बहुतेकदा थेट क्लासला. तो क्लास दिवेलागणीनंतरचा मिळतो का, तेवढं बघा.